कुलपाआड राहिलेली वीणा

मंडळी, टाळ जरा थांबवा. मृदंगवाले काका, तुम्ही पण घोटभर पाणी प्या — उभी मी आहे आणि धाप तुम्हाला लागलीय!

आज एक प्रश्न घेऊन आलेय. उत्तर लगेच देऊ नका. लगेच आलेलं उत्तर पाठ केलेलं असतं, आमच्या वर्गात रोज बघते मी! प्रश्न असा — एखाद्या दाराला बाहेरून कुलूप लागलं, की आतला माणूस कोणाचा राहतो? सरकारचा? वकिलाचा? का कुलूप लागलं तरी तो आपलाच राहतो?

बघा, पुढच्या आजी बोलल्याच — देवाचा राहतो! आजी, उत्तर बरोबर आहे. पण फार सोयीचं आहे! देवाचा म्हटलं की आपण मोकळे, देव बघून घेईल. मी विचारतेय, आपला राहतो का? तुमचा? माझा? आता कसे सगळे मांडवाच्या छताकडं बघायला लागले! राहू द्या. आधी आख्यान ऐका.

आणि त्याच्याही आधी माझ्यामागं म्हणा. मीच जुळवलंय, हसलात तरी चालेल, पण म्हणा —

*खाली नको ठेवू, देवा, खाली नको ठेवू,*
*गळ्यात घेतलंस ज्याला, त्याला खाली नको ठेवू!*

वा! मागच्या बाजूची पोरं फक्त ओठ हलवतायत. दिसतंय मला सगळं!

तर मंडळी, ऐका. गावाचं नाव हिवरखोरं. नकाशात शोधू नका, सापडायचं नाही. पण असं गाव तुम्ही पाहिलेलं आहे. तालुक्याचं ठिकाण, बाजारपेठ, तहसील कचेरी — आणि कचेरीच्या आवारात तुरुंग. तुरुंग म्हटल्यावर सिनेमातला किल्ला डोळ्यांपुढं आणू नका हं! एक खोली. जुनी, जाड भिंतींची. वर हाताएवढा झरोका, पुढं गजांचं दार. संपला तुरुंग! आणि त्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून काय? विठोबाचं देऊळ! दोघांत मिळून एकच भिंत! इकडं घंटा वाजली की तिकडं ऐकू जायची. तिकडं कोणी खोकला की इकडं ऐकू यायचं. अलीकडं देव उभा, आणि पलीकडं माणसं — तीही उभीच! ती का उभी, ते पुढं सांगते. विसरले तर आठवण करा.

या देवळाच्या सप्ताहाचे सगळे कारभारी एकच — तात्या बोराडे. पांढरं धोतर, टोपीची घडी अशी की तिच्यावर बोट कापावं. स्वभाव टोपीसारखाच! आणि जीव कशात? वीणेत.

इथं माझ्यापेक्षा लहान पोरं बसलीयत, त्यांच्यासाठी सांगते. सप्ताह बसला की वीणा खाली ठेवायची नसते. दिवस नाही, रात्र नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. ज्याचा पहारा असेल त्यानं ती धरून उभं राहायचं, नाम घ्यायचं. आणि जो घ्यायला येईल त्यानं आधी देणाऱ्याच्या पाया पडायचं. मग देणारा कोणी का असेना! एका सालात पहाऱ्यावर कचेरीतला शिपाई होता, आणि वीणा घ्यायला आले खुद्द तहसीलदार. हात पुढं केले साहेबांनी. तात्या खांबाआडून गरजले — "आधी पाया पड, मग घे." साहेबांना अरेतुरे! साहेब पडले हो शिपायाच्या पाया! गाव वर्षभर तेच सांगत होतं.

एवढा नेमाचा माणूस. आता याच माणसाची दुसरी गोष्ट सांगते, ती मनात धरून ठेवा.

दोन दिवाळ्यांमागं देवळातली मोठी पितळी समई चोरीला गेली. फौजदार आले, ओट्यावर बसले, चहा आला. विचारलं, संशय कोणावर? तात्यांनी बशीत चहा ओतत सांगितलं, की गावातलं कोणी देवाच्या वस्तूला हात लावणार नाही, माळावर पालं उतरलीयत, तिकडं बघा. एवढंच! चहा संपायच्या आत वाक्य संपलं! फौजदार माळावर गेले. पालासमोर झुंबर काळे नावाचा माणूस बसून लेकीच्या डोक्यावर पाणी ओतत होता, न्हाऊ घालत होता. त्याच्या जमातीचं नाव ऐकलं की पुढचं शोधायचं कामच उरत नाही, असं आपल्याकडं चालत आलेलं आहे. उचलला. पालात समई सापडली? नाही. दुसऱ्या कुणाकडं सापडली? नाही. पण झुंबर आत गेला, आणि राहिला!

आता तुम्ही म्हणाल, शिक्षा झाली असेल. नाही ना! इथंच तर गंमत आहे, आणि गंमत म्हणताना माझ्या अंगावर काटा येतोय. त्याला शिक्षा झालेलीच नव्हती. खटलाच उभा राहिला नव्हता. याला म्हणतात कच्ची कैद. म्हणजे आमच्याकडं कसं, वर्गात खडू कोणी फेकला ते कळत नाही, म्हणून शेवटच्या बाकाला उभं करतात. सर म्हणतात, थांबा, बघतो. आणि सर विसरतात! तास संपतो, शाळा सुटते, आणि बाक उभाच! फरक एवढाच, की आम्हाला घंटा असते.

बरं, न्यायाधीशांनी जामीन मंजूर केलेला होता! पण जामीन मंजूर झाला तरी जामीन राहायला माणूस लागतो. हा पळणार नाही, मी सांगतो, असं म्हणणारा कोणीतरी. आणि त्याच्या नावावर सातबारा लागतो. पालावर सातबारा कुठला? म्हणजे दार उघडलेलं होतं — फक्त दाराशी उभं राहायला अख्ख्या तालुक्यात कोणी नव्हतं.

तात्यांना यातलं काही माहीत होतं? छे! त्यांनी झुंबरचं तोंडसुद्धा पाहिलेलं नव्हतं. तात्यांनी नवी समई आणली आणि जुनी विसरले. समईबरोबर माणूसही विसरले.

म्हणा! *खाली नको ठेवू, देवा, खाली नको ठेवू…*

आता सप्ताह आला. चैत्र. ऊन असं, की दगडावर पापड भाजावा. हिवरखोऱ्यात एक चाल होती — सप्ताहात एका संध्याकाळी दिंडी गाव फिरून तुरुंगापाशी थांबायची, आणि वीणेकरी चार टाळकऱ्यांना घेऊन आत जाऊन एक भजन म्हणून यायचा. तात्यांना त्याचा फार अभिमान. आम्ही कैद्यांनाही नाम देतो, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मात्र भजन म्हणताना डोळे मिटलेले! इतकी वर्षं आत गेले आणि आतलं कधी पाहिलंच नाही.

त्या संध्याकाळी मोहिते हवालदारांनी दार उघडलं, तात्या वीणा घेऊन आत शिरले, आणि त्यांना पाय ठेवायला जागा मिळेना! अहो, दहा-बारा जणांची खोली, आणि आत माणसं किती? बाजाराच्या दिवशी वडापच्या जीपमध्ये असतात ना, तशी! भिंतीला टेकून उभी, गजांना धरून उभी. घामाची वाफ, कोपऱ्यातल्या मोरीचा वास, झरोक्यातून वारा नाही. तात्यांनी सवयीनं डोळे मिटले, तार छेडली. पहिलं चरण झालं. दुसऱ्याला आवाज ओढला. तिसऱ्याला पायाखालची फरशी डावीकडं कलली!

मंडळी, तुम्ही-आम्ही पडताना आधी काय करतो? हात टेकतो. तात्यांनी काय केलं असेल? समोर अंधारात एक सडपातळ माणूस गजावर बोटांनी ठेका धरून उभा होता. तात्यांनी वीणा गळ्यातून काढली, त्याच्या गळ्यात घातली — आणि मग पडले! स्वतः जमिनीवर, वीणा नाही! याला म्हणतात निष्ठा. हसू नका, मी खरंच कौतुकानं बोलतेय.

एकच गोंधळ! टाळकऱ्यांनी तात्यांना उचललं, रिक्षात घातलं, थेट मिशनच्या दवाखान्यात. इकडं हवालदारांनी बाहेरची माणसं बाहेर काढली, आतली मोजली. माणसं बरोबर! दार लावलं, कुलूप घातलं. संध्याकाळची बंदी झाली. माणसं मोजली हो त्यांनी — वीणा कोण मोजतंय?

दवाखान्यात सलाईन लागलं. तात्यांनी डोळे उघडले. आपण कुठं आहोत, काय झालं, काही नाही. पहिला शब्द — "वीणा?" चारही टाळकरी एकमेकांकडं बघायला लागले!

धावले परत. गजांशी बघतात तर वीणा आत. बाहेर घ्यावी तर भोपळा गजांतून येईना! आडवी केली, उभी केली, तिरकी केली. आतून कैदी सांगतायत डावीकडून घ्या, बाहेरून टाळकरी सांगतायत उजवीकडून द्या. नाहीच! मग दार उघडा. तर मोहिते हवालदार कळवळून सांगायला लागले, की बंदी झाल्यावर तहसीलदारांच्या हुकमाशिवाय हे कुलूप निघत नाही, आणि साहेब तर जिल्ह्याला बैठकीला गेलेत, सकाळी येतील.

बघा कसा पेच पडला! इकडं नियम — कुलूप काढायचं नाही. तिकडं नेम — वीणा ठेवायची नाही. आणि दोघांच्या मध्ये उघड्यावाघड्या कैद्याच्या गळ्यात देवाची वीणा!

तात्यांना ही बातमी कळली तेव्हा त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. आजोबांच्या वेळेपासून न मोडलेला सप्ताह त्यांच्या हातून मोडणार होता. दवाखाना चालवायच्या सिस्टर लुसी, मूळच्या आपल्या श्रीरामपूरकडच्या. सलाईन बघायला आल्या. तात्या म्हणाले, "काढा ही सुई. सप्ताह मोडला. आता बरं होऊन काय करू?"

सिस्टरनी सुई काढली नाही. वीणा कोणाच्या गळ्यात दिली, ते विचारलं. तात्या म्हणाले, कोण जाणे, असेल कोणी चोर. सिस्टर म्हणाल्या, तो धरील की मग.

"धरायला नेम लागतो, सिस्टर. चोराला कसला नेम?"

सिस्टर पलंगाशी स्टूल ओढून बसल्या. "तात्या, मी दर आठवड्याला तिथं गोळ्या द्यायला जाते. सगळ्यांनी एकदम आडवं व्हायला त्या खोलीत जागा नाही. म्हणून ते पाळीनं झोपतात. अर्धे उभे राहतात, अर्धे झोपतात. उभा असलेला कधी आपली वेळ चुकवत नाही, कारण त्यानं चुकवली तर दुसऱ्याची झोप जाते. तुमच्या सप्ताहात याच्याहून कडक नेम असेल, तर मला सांगा."

म्हणून उभी होती हो ती माणसं! मी म्हटलं होतं ना, पुढं सांगते म्हणून!

तात्यांचं भिंतीकडचं तोंड इकडं फिरलं.

आणि उजाडलं! तहसीलदार आले, हुकूम झाला, मोहित्यांनी किल्ली फिरवली. तात्या अनवाणी, हाताला पट्टी, टोपीची घडी पहिल्यांदाच मोडलेली! अख्खा गाव कचेरीच्या आवारात. काहींना काळजी, आणि काहींना तात्यांची फजिती बघायची घाई — प्रत्येक गावात असतात, या मांडवातही असतील! दार उघडलं. तात्यांनी आधी कुठं बघितलं? जमिनीकडं. वीणा पडलेली दिसेल म्हणून.

जमिनीवर वीणा नव्हती!

वर बघितलं. वीणा गळ्यात होती, तार वाजत होती, नाम चाललेलं होतं. घसा बसलेला, सूर गेलेला — पण चाललेलं होतं! झोपायची पाळी लावणाऱ्यांना वीणेची पाळी कोणी शिकवायची? ज्याची उभं राहायची वेळ, त्याच्या गळ्यात वीणा. गळ्यागळ्यांतून फिरून ती सकाळी पुन्हा पहिल्याच माणसाकडं आली होती. त्यात यासीन नावाचा पोरगेला ट्रकवाला होता, त्यानंही धरली होती. त्याला विठ्ठलाचं नाव येतं का, असं तात्यांनी विचारलं. तो म्हणाला, "भिंत एकच आहे, तात्या. दर साली ऐकतोय म्हणतात हे जुने लोक. मी तर सात दिवसांत शिकलो."

सात दिवस झालेत का रे, अजून सप्ताह संपायचाय, असं त्याला कोणीतरी मागून टोकलं, आणि सगळी खोली हसली! तुरुंग हसला हो! सकाळच्या पारी!

तात्यांच्या डोळ्यांत पाणी. सप्ताह वाचला! त्यांनी घाईघाईनं वीणेकडं हात पुढं केले — आणि यासीन मध्ये आला. "असं नाही, तात्या. आधी पाया पड, मग घे. तुमचंच आहे. भिंतीतून रोज ऐकू येतं, लई मोठ्यानं ओरडता तुम्ही."

टाळी द्या यासीनला! तात्यांचा नेम तात्यांच्याच पुढ्यात!

तात्या थबकले. वीणा गळ्यात असलेल्या त्या सडपातळ माणसाकडं त्यांनी पहिल्यांदा, डोळे उघडे ठेवून, नीट बघितलं.

"नाव काय बाबा तुझं?"

"झुंबर."

"कुठला?"

"माळावरचा. तुमच्या समईच्या केसमधला."

मृदंगवाले काका, वाजवू नका आता. एक थाप पण नको.

मंडळी, तुम्ही तात्यांच्या जागी उभे आहात. मागं अख्खा गाव. पुढं तो माणूस, ज्याला तुम्ही एका वाक्यात आत घातलंत आणि विसरलात. आणि गळ्यात वीणा. काय कराल? दुसऱ्या टाळकऱ्याला पुढं कराल? चक्कर आली म्हणाल? मला तर वाटतं, मी पळून गेले असते!

तात्यांनी हळू आवाजात विचारलं, "समई तू घेतली होतीस का रे?"

झुंबर तार छेडतच होता. बोट थांबलं नाही त्याचं. म्हणाला, "न्हाई. पण हे इचारायला माणूस यायला दोन दिवाळ्या गेल्या. घेतली असती अन कबूल झालो असतो, तर शिक्षा भोगून कवाच घरी गेलो असतो. न्हाई घेतली, म्हणून हितं हाय."

पुन्हा ऐका. चोर असता तर सुटला असता. चोर नाही म्हणून आत आहे!

तात्या वाकले. नुसते वाकले नाहीत — मोडलेली टोपी काढली आणि कपाळ त्या धुळीच्या पायांवर टेकलं. किती वेळ टेकलं ते कुणी मोजलं नाही. मोहिते हवालदारांनी आपली टोपी काढून बगलेत धरली, एवढं मात्र गावानं पाहिलं. मग झुंबरनं वाकून तात्यांना नमस्कार केला, वीणा त्यांच्या गळ्यात घातली, आणि पहिल्यांदा खाली बसला. बसायला जागा बाकीच्यांनी करून दिली.

*खाली नको ठेवू, देवा…* जोरात म्हणा आता! झाकण उडू द्या मांडवाचं!

इथं संपवलं असतं तर छान गोष्ट झाली असती, नाही का? पाया पडला, रडला, सगळे घरी! पण तात्या मोठे हट्टी. वीणा दुसऱ्या पहारेकऱ्याला दिली आणि सातबारा काढून तसेच कोर्टात! न्यायाधीशांनी चष्मा वर केला, खाली केला. विचारलं, "फिर्याद तुमचीच, आणि जामीनही तुम्हीच राहणार?" तात्या म्हणाले, "साहेब, फिर्याद देताना मी याला पाहिलेलं नव्हतं. आता पाहिलंय." त्या दिवशी झुंबर बाहेर आला. पालावर गेला तर लेक ओळखेना! आईच्या मागं लपून विचारायला लागली, हा कोण आलाय. समई कुठं गेली ते सोडा, मंडळी. त्या पोरीचे एवढे दिवस कुठं गेले? त्याची फिर्याद कोणत्या चौकीत द्यायची?

काल्याच्या दिवशी तात्या प्रसादाआधी उभे राहिले. म्हणाले, आत अजून बरेच आहेत ज्यांना जामीन मिळालाय पण जामीनदार मिळाला नाही. गावानं त्यांना जामीन राहावं. झालं! निम्मा मांडव उठला! चोर गावात सोडता का, उद्या आमच्या घरात शिरले तर कोण बघणार? तात्या म्हणाले, "तर माझ्या दारात या. जामीन मी आहे."

मग तात्या कुठं गेले माहितीये? मशिदीत! तिथले जलालभाई आणि तात्या, दोघांचं भोंग्यावरून वर्षभर बोलणं बंद! तात्या पायरीशी उभे. जलालभाईंनी आतूनच विचारलं, आता कोणता आवाज कमी करू? तात्या म्हणाले, आवाज वाढवा, यासीनसाठी जामीनदार पाहिजे. जलालभाई बाहेर आले, तात्यांचं मनगट धरून आत घेऊन गेले आणि आधी सरबत पाजलं. तिसऱ्या सिस्टर लुसी. त्यांनी त्यांच्या रविवारच्या लोकांना सांगितलं. एकेक करत माणसं कोर्टाच्या पायऱ्या चढायला लागली. गिरणीवाला चढला, निवृत्त मास्तर चढले. ज्या शिपायाच्या पाया तहसीलदार पडले होते, तोही चढला! खोलीतली गर्दी कमी व्हायला लागली.

आणि एक पळाला! हो, खोटं कशाला सांगू तुम्हाला? बाहेर पडला आणि तारखेला गायब! गाव म्हणायला लागलं, आम्ही सांगत होतो. तात्या आणि जलालभाई एकाच स्कूटरवर बसले — एकाला ऐकू कमी येतं, दुसऱ्याला दिसतं कमी, चालवतोय कोण देव जाणे! — आणि ऊसतोडीच्या फडात जाऊन त्याला शोधून काढला. पळालाच नव्हता तो! तारीख म्हणजे काय ते त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सुटलो म्हणजे संपलं, असं समजून बिचारा कामाला लागला होता. त्याला दोघांच्या मध्ये बसवून आणला. पुढच्या प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी जलालभाई स्वतः जायचे, उद्या यायचंय बरं का, असं सांगायला. एवढंच लागतं, मंडळी. कधीकधी फक्त सांगायला जाणारा माणूस लागतो!

इकडं एका पुढाऱ्याला कल्पना सुचली. तुरुंगात गर्दी होते ना? मग मोठा तुरुंग बांधू! मोजणीवाले आले, दोऱ्या लागल्या. तेव्हा देवळातले, मशिदीतले, चर्चमधले आणि माळावरच्या पालांतले असे सगळे कचेरीपुढं येऊन बसले. मागणी एकच — मोठा नको, हा सुद्धा बंद करा. जिल्ह्याहून कलेक्टर आले. छान बोलले, चौकशी करू म्हणाले. सिस्टर लुसी म्हणाल्या, चौकशी जवळच आहे, आत चला. कलेक्टर आत गेले. तात्या म्हणाले, "साहेब, आमचं एक भजन होईपर्यंत थांबा. दार लावून घेऊ. मी एवढ्याच वेळात पडलो होतो." दार लागलं. भजन सुरू झालं. तात्यांनी मुद्दाम सगळ्यात लांब भजन निवडलं हो! तिसऱ्या चरणाला साहेबांनी कॉलर सैल केली. पाचव्याला गज धरला. सहावं म्हणायची गरजच पडली नाही!

हुकूम आला. ती खोली कायमची बंद. ज्यांच्यावर मोठे गुन्हे होते ते दोघे-तिघे जिल्ह्याच्या तुरुंगात गेले, जिथं निदान आडवं होता येतं. बाकीच्यांना गाव जामीन. मोजणीच्या दोऱ्या पोरांनी विटीदांडूच्या आखणीला नेल्या.

आणि समई? सापडली का समई? बघा, किती जण माना पुढं करून बसलेत! नाही सापडली. आजपर्यंत नाही. तुम्हाला ती सापडायला हवी होती ना? म्हणजे झुंबर निर्दोष ठरला असता आणि तात्यांचा नमस्कार वाया गेला नाही, असं तुम्हाला वाटलं असतं! पण तात्यांनी समईला नमस्कार केलाच नव्हता. पुरावा मिळाल्यावर पाया पडायचं, हे तर कोर्टालाही जमतं!

पुढच्या सालचा सप्ताह. दिंडी फिरत फिरत सवयीनं त्याच खोलीपुढं थांबली. दार सताड उघडं. आत कोणी नाही, झरोक्यातून आलेलं ऊन फरशीवर पसरलेलं. तात्यांच्या गळ्यात वीणा, पाय थकलेले. पहारा बदलायची वेळ झाली होती. गर्दीतून एक सडपातळ माणूस पुढं आला. खांद्यावर मुलगी, तिच्या केसांना नुकतंच तेल लावलेलं. मुलीला खाली उतरवलं, वाकला, तात्यांच्या पाया पडला.

तात्यांनी वीणा लगेच दिली नाही. सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "नाव काय बाबा तुझं?"

"झुंबर."

"कुठला?"

झुंबरनं त्या रिकाम्या खोलीकडं बघितलं, देवळाकडं बघितलं, मग तात्यांकडं.

"इथलाच," तो म्हणाला.

आणि तात्यांनी वीणा त्याच्या गळ्यात घातली!

मंडळी, आता तुमच्याकडं वळते. पळू नका, प्रसाद अजून वाटायचाय! या मांडवातही वीणा उभी आहे. आल्या आल्या तुम्ही सगळे तिच्या पाया पडलात. धरणाऱ्याचं नाव विचारलंत? तो कुठून आला, घरी कोण आहे, विचारलंत? आपल्याही तालुक्याच्या ठिकाणी एक खोली असेल. तिच्यात कोणीतरी आत्ता, मी बोलतेय तेव्हा, दुसऱ्याला झोपता यावं म्हणून उभं असेल. त्याच्यासाठी दार उघडलेलं असेल, फक्त दाराशी कोणी नसेल.

मघाचा प्रश्न आठवतोय ना? कुलूप लागल्यावर आतला माणूस कोणाचा? उत्तर तोंडानं नको. टाळी वाजवायला दोन हात लागतात, जामीन राहायला एकच पुरतो. ज्यांना वाटतं तो आपला आहे, त्यांनी तो एक हात वर करा.

आजी, तुमचा सगळ्यात आधी! आणखी? खांबामागचे काका? … थांबते मी. मला घाई नाही. शाळेला उद्या सुट्टी आहे!

हात वरच ठेवा, आणि म्हणा —

*खाली नको ठेवू, देवा, खाली नको ठेवू,*
*गळ्यात घेतलंस ज्याला, त्याला खाली नको ठेवू!*